कृत्रिम पाय बसवायच्या कामात नवे आहात? मग इथून सुरुवात करा

मला येणारे फोन गेल्या दोन-तीन वर्षांत बदललेत. पूर्वी कुणी विचारायचं, "मॅडम, रविवारच्या शिबिराला माणसं कमी पडतायत का?" आता ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा एखादा पंचविशीतला मुलगा रात्री साडेदहाला फोन करतो आणि म्हणतो, "काकू, गाझातल्या मुलांना पाय पाठवायचेत. पैसे जमलेत थोडे. कुरियर कुठलं बरं पडेल?" तळमळ खरी असते. 2023 च्या अखेरीस युनिसेफने सांगितलं होतं की पहिल्या दोनेक महिन्यांतच गाझातल्या सुमारे 1,000 मुलांचा एक पाय किंवा दोन्ही पाय कापावे लागले. असं काही वाचून ज्याची झोप उडते तो माणूस या कामाला हवाच आहे. पण पाय ही कुरियरने पाठवायची वस्तू नव्हे. का नव्हे आणि मग करायचं काय, हे दर वेळी फोनवर सांगताना माझी गॅसवरची भाजी करपते. म्हणून एकदाच लिहून काढतेय.

मी डॉक्टर नाही, टेक्निशियनही नाही. बँकेत 27 वर्षं काउंटर आणि लेजर सांभाळलं. निवृत्तीनंतर नौपाड्यातल्या मैत्रिणीने एका शिबिरात नोंदणीच्या टेबलावर "जरा वेळ" बसवलं, तिथून मी अजून उठलेली नाही. त्यामुळे इथे हिशेबाची वही जरा जास्त डोकावेल, ते समजून घ्या.

पहिली पायरी : पाय हातात घेऊन बघा

शिबिरात आलात की कामाला लागण्याआधी एक तयार पाय मागून घ्या आणि उलटासुलटा करून बघा. गुडघ्याखालच्या पायाचे ढोबळ तीन भाग. वर सॉकेट, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला. उरलेल्या पायाला या कामात सगळे 'स्टंप' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. मध्ये नळी. खाली पाऊल. गुडघ्याच्या वर कापलं असेल तर मध्ये गुडघ्याचा सांधाही लागतो आणि चालायला शिकणं कितीतरी पटीने कठीण होतं.

नळी आणि पाऊल मापाप्रमाणे तयार मिळतात. सॉकेट मिळत नाही. ते त्या एका माणसाचं असतं, कवळीसारखं. तुमच्या आजोबांची कवळी शेजारच्या आजोबांना बसत नाही, तशी ही गत. चालताना सगळं वजन सॉकेटमधूनच अंगावर येतं. गुडघ्याच्या वाटीखाली जो जाड पट्टा बोटाला लागतो तो दाब सोसतो. नडगीची धार आणि बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाचं टोक अजिबात सोसत नाही. म्हणून टेक्निशियन माप घेताना स्टंपवर मोजा चढवून न पुसणाऱ्या पेन्सिलीने या जागांवर खुणा करतो. वर ओल्या पीओपीच्या, म्हणजे प्लास्टरच्या, पट्ट्या गुंडाळतो. त्या खुणा पीओपीवर आतून उमटतात आणि तिथून, आत प्लास्टर ओतून केलेल्या साच्यावर उतरतात. मग जिथे दाब द्यायचा तिथे साचा तासायचा, जिथे सोडायचा तिथे भरायचा. हे तासणं-भरणं म्हणजेच खरी विद्या. थोडं चुकलं तरी दोन दिवसांत फोड येतो, आणि फोड आला की पाय जातो माळ्यावर.

माळा हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत येईल.

जयपूर फूटची गोष्टही थोडी माहीत हवी, कारण युद्धाचा विषय येतो तो तिथूनच. 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी हे पाऊल घडवलं. तोवर जे विलायती घडणीचं पाऊल मिळायचं ते ताठ होतं, बूट घातल्याशिवाय वापरता येत नव्हतं. ते लावून उकिडवं बसता यायचं नाही, मांडी घालता यायची नाही, शेतात उतरता यायचं नाही. मास्टरजींचं शाळेतलं शिक्षण बेताचंच, पण हाताला जाण होती. रबर आणि लाकूड साच्यात घालून टायरला रिमोल्ड करतात तसं भाजून त्यांनी पाऊल केलं. ते वाकतं, भिजलं तरी चालतं, आणि दिसायलाही पावलासारखंच. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली आणि हा पाय फुकट बसवायला सुरुवात झाली. पावलाच्या वरचा भाग पुढे एचडीपीई पाइपातून करायला लागले. शेताला पाणी न्यायला वापरतात तोच. भट्टीत मऊ करायचा आणि साच्यावर ओढायचा.

आता विचार करा, सुरुंगावर पाय कुणाचा पडतो? अफगाणिस्तानात, कंबोडियात, श्रीलंकेच्या उत्तरेत लढाई थांबल्यावरसुद्धा ज्यांचे पाय जात राहिले त्यांत शेतकरी, गुराखी, सरपणाला गेलेल्या बाया, खेळणारी पोरं होती. जमिनीवर बसणारी, चिखलात चालणारी माणसं. त्यांना मास्टरजींचं पाऊल जुळलं, कारण ते अशाच माणसांसाठी केलं होतं. श्रीलंकेतल्या जाफन्यात 1987 पासून जयपूर फूट बसवणारं केंद्र उभं राहिलं. भारतातून अफगाणिस्तान, इराक, श्रीलंका अशा ठिकाणी जाऊन शिबिरं झाली. तेव्हा "आपण ठाण्यातले, आपण काय करणार" असं म्हणायचं कारण नाही. फक्त दार कुठलं ते नीट ओळखायचं.

दुसरी पायरी : युद्धातली जखम वेगळी का, ते समजून घ्या

आपल्याकडे पाय जातो तो बहुतेक मधुमेहाने, रेल्वेखाली किंवा रस्त्यावर. मधुमेहात शल्यविशारद शांतपणे ठरवतो, कुठे कापायचं, पुढे सॉकेट कसं बसेल. सुरुंग फुटतो तेव्हा माती, गवत, चपलेचे तुकडे, हाडाच्या कपच्या खालून वर मांसात घुसतात. जखम लगेच शिवली तर आत पू धरतो, म्हणून ती साफ करून उघडी ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी बंद करतात. अनेकांचा पाय दोनदा, तीनदा कापावा लागतो. गर्दीत, अपुऱ्या उजेडात झालेल्या शस्त्रक्रियेत हाडाचं टोक टोकदार राहतं, कातडी ओढून लावलेली असते, कुठे दुसरीकडची कातडी लावलेली असते आणि ती सॉकेटच्या घासण्याने फाटते. शिवाय स्फोट एकटा पाय नेत नाही. कानाचे पडदे जातात, डोळ्यांत कण जातात. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या माणसाला कृत्रिम पायावर तोल शिकवायचा आहे, एवढं मनात आणा.

मुलांचं तर पुढचं. हाड वाढत राहतं, कधी स्टंपच्या टोकाला कातडीबाहेर येऊ बघतं आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागते. रेड क्रॉसच्या अनुभवात वाढत्या मुलाला साधारण दर सहा महिन्यांनी नवा पाय लागतो, मोठ्या माणसाला तीन ते पाच वर्षांनी. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला एक पाय पाठवून आपण त्याचे सहा महिने भागवले. अठरा वर्षांचा होईतो वीस पाय. ते कोण करणार? त्याच्या गावापासून जवळ असलेली कार्यशाळा आणि तिथला त्याच्या भाषेत बोलणारा टेक्निशियन. काबूलमध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचं केंद्र 1988 पासून आहे. अल्बेर्तो कैरो हे इटालियन फिजिओथेरपिस्ट 1990 मध्ये तिथे गेले आणि तिथलेच झाले. त्या केंद्रातले जवळपास सगळे कर्मचारी स्वतः दिव्यांग, पुष्कळसे आधी तिथलेच रुग्ण. नवा माणूस पहिलं पाऊल टाकायला घाबरतो तेव्हा समोरचा आपली विजार वर करून दाखवतो. आपली कळकळ त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

तिसरी पायरी : सहा महिने ठाण्यात काढा

ही अट माझी. कुणाला जाचक वाटते, वाटू दे. ज्याने कळव्याच्या एका काकांना पायावर उभं राहताना पाहिलं नाही त्याने युक्रेनमधल्या खार्किवच्या माणसासाठी काय हवं ते ठरवू नये.

शिबिरं बहुतेक रोटरी, लायन्स, एखादा जैन संघ किंवा गणेशोत्सव मंडळ भरवतं. शाळेच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात. बहुतेकांत दोन दिवस असतात, एक मापाचा, एक बसवायचा, मध्ये काही आठवडे. काही पथकं गाडीतच भट्टी घेऊन येतात आणि त्याच दिवशी पाय देतात. शिबिराबाहेरचे रस्तेही तुम्हाला तोंडपाठ हवेत, कारण लोक तुम्हालाच विचारणार: हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयवांचा विभाग आहे. पुण्यात वानवडीला सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, 1944 साली दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी सुरू झालेलं; तिथे नागरिकांनाही पाय बसवून मिळतो, हे ठाण्यात फार थोड्यांना ठाऊक असतं. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याची साधनं केंद्राच्या योजनेतून मिळतात, त्याला उत्पन्नाची अट असते. यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) लागतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. 2016 च्या कायद्याने बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. अर्ज भरून देणं हे स्वयंसेवकाचं अतिशय मोलाचं काम आहे आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

मापाच्या दिवशी तुम्हाला बहुधा यातलं एक टेबल मिळेल.

नोंदणी. नाव, वय, वजन, कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, कधी गेला, कशाने गेला, मधुमेह आहे का, पूर्वी पाय बसवला होता का, दोन फोन नंबर. दुसरा नंबर घरातल्या बाईमाणसाचा घ्या. पुरुष नंबर बदलतात, बायका बदलत नाहीत, हा माझा 11 वर्षांचा अनुभव. वजन अंदाजाने लिहू नका, काटा ठेवा. पाऊल आणि नळी वजनावर ठरतात.

तपासणी. ही डॉक्टर आणि पी अँड ओ करतात (कृत्रिम अवयवांची पदवी घेतलेल्यांना सगळे पी अँड ओ म्हणतात). तुम्ही फक्त बाजूला उभे राहून बघा कुणाला परत पाठवतात. जखम ओली असेल, सूज असेल, गुडघा सरळ होत नसेल तर माप घेत नाहीत. रडारड होते. मुरबाडहून पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाला "दोन महिन्यांनी या" सांगणं जड जातं आणि मग एखादा नवा स्वयंसेवक वशिला लावायला धावतो, "सर, घेऊन टाका ना माप." असं करू नका. सुजलेल्या स्टंपचं माप म्हणजे ओल्या भिंतीला रंग. त्यापेक्षा त्या माणसाला दोन गोष्टी शिकवून पाठवा, फिजिओकडून आधी स्वतः शिकून घेऊन: क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तिरकं गुंडाळायचं, टोकाला घट्ट, वर सैल, आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं नाही. ती उशी बरी वाटते म्हणून सगळे घेतात आणि गुडघा वाकडाच आखडतो.

पीओपीचं टेबल. पट्ट्या कापून द्यायच्या, कोमट पाण्याची बादली बदलायची, माणसाला धरून ठेवायचं. साच्यावर नंबर आणि डावा-उजवा लगेच लिहा. एकदा आम्ही "नंतर लिहू" म्हटलं आणि संध्याकाळी 14 पांढरेधोट साचे एका रांगेत उभे राहिले, सगळे एकाच आईचे असल्यासारखे. चार माणसांना परत बोलवावं लागलं.

रोजची चप्पल. येताना रोज घालता तीच चप्पल किंवा बूट आणा, हे फोनवर आधीच सांगा. टाचेची उंची बदलली की पायाचा सगळा तोल बदलतो. शिबिराला म्हणून नवे बूट घालून येतात आणि घरी सपाट स्लिपर वापरतात, मग म्हणतात पाय मागे ओढतो.

एक गोष्ट मात्र ठाम: स्क्रू फिरवणं, सॉकेट घासणं, "इथे जरा गरम करून दाबू का" म्हणणं, यातलं काही तुम्ही करायचं नाही. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे हे काम नोंदणी झालेल्या माणसाचंच आहे. वागळे इस्टेटमधले हुशार फिटर आमच्याकडे येतात, त्यांचे हात शिवशिवतात, मला कळतं. त्यांना आम्ही समांतर दांड्या बनवायला देतो, ज्यांना धरून माणूस चालायला शिकतो. त्या त्यांनी अशा केल्यात की कुठल्याही उंचीला बसतात आणि रिक्षातून नेता येतात.

बसवायचा दिवस

हा दिवस सगळ्यांना हवाहवासा असतो, म्हणून त्याबद्दल थोडंच. दांड्यांमध्ये उभं केल्यावर माणूस खाली बघतो. त्याला समोर बघायला लावा. समोर नातवाला उभं करा, सगळ्यांत उत्तम. काठी कापलेल्या पायाच्या विरुद्ध हातात. जिन्याचं आमचं सूत्र आहे: चढताना सख्खा, उतरताना सावत्र. म्हणजे वर जाताना आपला पाय आधी, खाली येताना कृत्रिम आधी. हे एकदा हसून सांगितलं की विसरत नाहीत. ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना शेवटची परीक्षा, पण ती पहिल्या महिन्यात नको, आणि गर्दीच्या वेळी तर नकोच.

स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नाही. ओलसर कातडी सॉकेटमध्ये सोलवटते. मोजे रोज धुवायचे. पावसाळ्यात आपल्याकडे मोजे वाळत नाहीत, त्यामुळे जूनच्या आधी प्रत्येकाकडे किमान चार तरी जोड हवेत. पहिल्या वर्षात स्टंप बारीक होत जातो, सॉकेट सैल लागतं, तेव्हा एकावर एक मोजा चढवायचा. तीन-चार मोजे घालूनही सैल वाटलं तर सॉकेट बदलायची वेळ आली.

काय बोलायचं, काय नाही

"दादा, काळजी करू नका, धावायला लागाल" असं म्हणू नका. धावणारे व्हिडिओतले असतात, त्यांच्या पायाची किंमत मोटारीएवढी असते. "कसं झालं?" हेही तुम्ही विचारू नका, नोंदणीत एकदा विचारून झालंय. सांगावंसं वाटलं तर सांगतील. रेल्वेखाली गेलेला तरुण अजून लोकलचा भोंगा ऐकून दचकतो. स्फोटातून आलेल्याचं तसंच असतं, फटाके आणि हॉलमध्ये धाडकन पडलेलं लोखंडी टेबल पुरतं. हॉलमधल्या खुर्च्या आपटू नका.

नसलेला पाय दुखतो, हे तुम्हाला कुणीतरी हळूच सांगेल, बहुधा वेडं ठरवतील या भीतीने. "नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते हो." ते वेड नाही. मेंदूतला त्या पायाचा नकाशा तसाच असतो. मेंदूचे अभ्यासक डॉ. विलायनूर रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात आरशाचा साधा उपाय मांडला: दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, धड पायाचं प्रतिबिंब बघत तो हलवायचा, मेंदूला वाटतं दुसराही हलतोय. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण आरसा स्वस्त आहे आणि वीज लागत नाही, म्हणून युद्धातून आलेल्यांसाठीही तो वापरतात. फिजिओला सांगा, तो शिकवेल.

चौथी पायरी : वही

आता माझा आवडता विषय. शिबिर संपतं, बॅनर उतरतं, संध्याकाळच्या बातमीत आकडा येतो. किती पाय वाटले? तो आकडा मला अर्धवट लेजरसारखा वाटतो, नुसती नावे बाजू लिहिलेली आणि जमेचा पत्ता नाही. माझ्या वहीत पुढे चार रकाने असतात: 15 दिवस, 3 महिने, 6 महिने, 1 वर्ष. प्रत्येक तारखेला फोन. प्रश्न तीनच. आज पाय घातलाय का? किती तास? कुठे लागतं? "चांगलंय, चांगलंय" या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, लोक उपकारकर्त्याला वाईट सांगत नाहीत. "आत्ता पायात आहे की माळ्यावर?" असं थेट विचारलं की हसतात आणि खरं सांगतात.

पहिल्या वर्षी माझ्याच वहीत मी बघितलं, माळ्यावरच्यांची संख्या मला लाज वाटावी इतकी होती. कारणं बघा. एका मावशींना मुंब्य्राच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर संडासाला जाताना पाय घालायला वेळ लागायचा, म्हणून कुबडीच बरी. एका रिक्षावाल्या दादांना सॉकेटमध्ये फक्त एका जागी टोचत होतं, पाच मिनिटांचं काम, पण परत यायला सांगितलंच नव्हतं कुणी. एका मुलीला पावलाचा रंग तिच्या रंगाहून फार गोरा वाटत होता. तिघांचीही तक्रार सुटली, दोन फोन आणि एका रिक्षाभाड्यात. तुम्हाला आठवड्यातला एक तास असेल आणि घराबाहेर पडता येत नसेल, तर हेच काम मागून घ्या. ऐरोलीच्या एका ताई ऑफिसच्या बसमध्ये बसून रोज पाच फोन करतात. आमच्या शिबिराचे निम्मे पाय त्यांच्यामुळे चालते राहिलेत.

पाचवी पायरी : आता युद्धाकडे

सहा महिने झाले, वही हाताला बसली. आता पर्याय मांडते, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

आपल्याच देशातली माणसं. पूंछ-राजौरीकडे नियंत्रण रेषेलगतच्या गावांत सुरुंगावर पाय पडलेले गुराखी आहेत. बस्तरच्या जंगलात मोहफुलं वेचायला गेलेले आदिवासी आयईडीने, म्हणजे पुरून ठेवलेल्या गावठी बॉम्बने, पाय गमावतात. व्हिसा नको, कस्टम नको. ज्या संस्था तिथे शिबिरं नेतात त्यांना टेक्निशियनचं भाडं, मोजे, क्रेप बँडेज, आणि वर्षभराचे फोन करणारी माणसं हवी असतात. फोनचं काम इथून ठाण्यातूनही करता येतं. बातम्यांत हे येत नाही, म्हणून मुलं नाक मुरडतात. मुरडू द्या.

इथे उपचाराला आलेले परदेशी. इराक, येमेन, सुदानकडचे रुग्ण मुंबई-नवी मुंबईच्या रुग्णालयांत येतात. त्यांना पायाइतकाच दुभाषा हवा असतो. मुंब्रा-कौशात आखातात वर्षानुवर्षं राहून आलेली, अरबी सहज बोलणारी माणसं आहेत, त्यांच्यासारखा स्वयंसेवक शोधून सापडणार नाही. सानपाडा-तुर्भ्याकडे महिनाभर परवडेल अशी खोली, त्यांच्या चवीचं जेवण, मशिदीचा पत्ता, फिजिओची वेळ, ही कामं. कुणाला घरी ठेवून घेणार असाल तर 24 तासांच्या आत परदेशी नागरिकाची ऑनलाइन माहिती द्यावी लागते, ते आधी करा. आणि परत जाताना त्यांच्या हातात साच्याची मापं, वापरलेल्या भागांची नावं आणि क्रमांक इंग्रजीत लिहिलेला कागद द्या, म्हणजे तिथला टेक्निशियन पुढे काम करू शकेल. हा कागद द्यायचं रुग्णालयंही विसरतात.

पैसे. वाटतं तेवढं सोपं नाही. आपल्या गल्लीतल्या न्यासाने परदेशात खर्च केला तर आयकर कायद्यात त्या रकमेला सूट सहज मिळत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. तेव्हा वर्गणी काढून "पाठवून देऊ" म्हणू नका; तिथे आधीपासून कार्यशाळा चालवणाऱ्या मोठ्या संस्थेला ज्याने त्याने थेट द्यावेत. इथल्या शिबिरासाठी देणगी घेत असाल तर दात्याला सांगा, 2,000 रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला आयकरातली देणगीची सवलत (80जी म्हणतात ती) मिळत नाही.

वापरलेले भाग. फोनवरच्या मुलांना हेच करायचं असतं, म्हणून शेवटी ठेवलं. घरात कुणी वारलं की त्यांचा पाय कपाटात राहतो. टाकवत नाही, ठेववत नाही. असा पाय घ्यायला जाताना घाई करू नका, चहा घ्या, त्या माणसाबद्दल ऐकून घ्या. सॉकेट पुढे जात नाही, ते घरच्यांना परत द्यायचं असेल तर विचारा. बाकीचे भाग जाणकार टेक्निशियनकडून सोडवून घ्या. बहुतेकांना 4 मिलिमीटरची ॲलन की लागते. पुसून, प्रत्येकाला चिठ्ठी: डावा की उजवा, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, किती वजनापर्यंत, कंपनी. रबरी जयपूर पाऊल झिजलेलं असेल तर टाकून द्या.

मग पेटी भरू नका. आधी यादी भरा. ती यादी तिथल्या कार्यशाळेला पाठवा आणि ते मागतील तेवढंच द्या. अनेक युद्धग्रस्त भागांत रेड क्रॉसची पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे एका स्वस्त प्लास्टिकची, पद्धत चालते. आपल्या महागड्या जर्मन गुडघ्याचा तिथल्या नळीशी मेळच बसत नाही. बसला तरी सहा महिन्यांनी त्याचा एक स्क्रू गेला की पाय बंद. न्हावा-शेवा बंदर हाकेच्या अंतरावर आहे म्हणून कंटेनर सोपा वाटतो, पण निर्यातीचा क्रमांक, कृत्रिम अवयवांचा 9021 हा कस्टमचा शीर्षक क्रमांक, घेणाऱ्याचं करमाफीचं पत्र, एवढं नसेल तर माल धक्क्यावर पडून राहतो आणि भाडं चढत जातं. ज्यांची आधीच ये-जा आहे त्यांच्या मालात आपली पेटी घालायची.

थ्रीडी प्रिंटरवर हात बनवायचा उत्साह नवी मुंबईच्या कॉलेजांत भरपूर आहे. लहान मुलाला खेळायला, आत्मविश्वासाला असा हात छान. पायाला नको. पाय वजन घेतो, आणि मोडला तर माणूस पडतो.

फोटो विचारून. "हो" म्हटलं तरी चेहरा आणि स्टंप एका फोटोत नको. युद्धातून आलेल्याचा फोटो तर अजिबात टाकू नका, मागे राहिलेल्या घरच्यांना त्याने काय भोगावं लागेल ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि कुठल्या बाजूचा, कुणाच्या बॉम्बने, ही चर्चा हॉलबाहेरच्या टपरीवर करा, मीही येईन.

पहिल्या रविवारी आठ वाजता या. जुने कपडे घाला, पीओपी निघत नाही. टॉवेल, पाण्याची बाटली, वही आणि दोन पेनं आणा. आणि पीओपीच्या बादलीतलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, तळाला साका बसू द्या, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ कचऱ्यात. एका शाळेचं बेसिन आम्ही असं बुजवलं होतं, त्यानंतर तिथल्या शिपाईमामांनी दोन वर्षं आम्हाला हॉलची किल्ली दिली नाही.